तापतानाच येणारी खरखर: इंदूरमधील एका व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरचे प्रकरण

इंदूरच्या रामबागेत राहणाऱ्या एका निवृत्त गृहस्थांच्या घरातील स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायरचे हे प्रकरण आहे. यंत्र व्हॉल्व्हचे (निर्वात काचनळ्यांचे) असून ते दोन स्वतंत्र चॅसींवर (धातूच्या बैठकींवर), म्हणजे डाव्या आणि उजव्या बाजूसाठी वेगवेगळे, बांधलेले आहे. म्युलार्ड कंपनीने १९५० च्या दशकात प्रसिद्ध केलेल्या ‘फाइव्ह-टेन’ या दहा वॅटच्या सर्किटवर ते आधारलेले आहे. प्रत्येक चॅसीवर सुरुवातीला ईएफ८६ हा व्हॉल्व्ह, त्यापुढे फेज स्प्लिटर (संकेताची एकमेकांविरुद्ध अशी दोन रूपे करणारा टप्पा) म्हणून ईसीसी८३, शेवटी ईएल८४ची जोडी आणि वीजपुरवठ्यासाठी ईझेड८१ अशी रचना आहे. व्हॉल्व्ह बहुतेक जुने आहेत; ईएल८४ बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे आहेत आणि ते अजून उत्तम काम देतात.

तक्रार अशी होती की, यंत्र सुरू केल्यावर तीन-चार मिनिटांनी डाव्या स्पीकरमधून बारीक खरखर येऊ लागते, दहा-बारा मिनिटे राहते आणि मग आपोआप थांबते. त्यानंतर यंत्र दिवसभर चालू ठेवले तरी ती पुन्हा येत नाही. शिवाय सुरू करताना एक घरघर आणि पुढे थोडा वेळ टिकटिक असे आणखी दोन आवाज येतात, आणि हे तीनही आवाज एकाच बिघाडाचे असावेत, असा घरातील सर्वांचा समज होता. आधी एका कारागिराने सगळे व्हॉल्व्ह आणि सगळे जुने रेझिस्टर बदलण्याचा सल्ला दिला होता. दुसऱ्या एका जाणकाराचे म्हणणे होते की, व्हॉल्व्हचे यंत्र आधी अर्धा तास तापू द्यावे आणि मगच गाणे लावावे.

हा दुसरा सल्ला यंत्राच्या मालकांना, म्हणजे काकांना, मान्य नव्हता, आणि त्यांचे कारण मला पटले. ते पहाटे अमीर खाँ साहेबांची ध्वनिमुद्रणे ऐकतात. इंदूर घराण्याची ती गायकी अतिविलंबित लयीची, झुमरा तालात सावकाश उलगडणारी आणि मंद्र सप्तकात रमणारी आहे. तिच्या पहिल्या काही मिनिटांत तानपुऱ्याखेरीज फारसे काही वाजत नसते, आणि खरखर नेमकी तेवढ्याच वेळात येते. “अहो, ज्या जागेसाठी पहाटे उठायचं, तीच जागा जर ही खरखर खात असेल, तर पुढे दिवसभर यंत्र स्वच्छ वाजतं याचं मी काय करू?” असे त्यांनी विचारले. त्यात मी एक तांत्रिक कारण जोडेन. जो आवाज ठरावीक वेळी येतो आणि ठरावीक वेळी जातो, तो बिघाड स्वतःची माहिती देत असतो, आणि तो थांबेपर्यंत वाट पाहणे म्हणजे ती माहिती फुकट घालवणे होय.

तीन आवाज वेगळे करणे

पहिले काम सुटे भाग तपासण्याचे नव्हते. कोणता आवाज कुठून येतो आणि सुरू केल्यापासून कितव्या मिनिटाला येतो, हे आधी लिहून काढायचे होते. त्यासाठी घड्याळ, कागद आणि एक लाकडी काठी पुरली. काठीचे एक टोक चॅसीच्या किंवा ट्रान्सफॉर्मरच्या अंगाला लावून दुसरे कानाजवळ धरले की यंत्राच्या शरीरातला आवाज आणि स्पीकरमधला आवाज यांतला फरक लगेच कळतो.

सुरुवातीची घरघर मेन्स ट्रान्सफॉर्मरची निघाली. बटण दाबताच त्याच्या वेटोळ्यात क्षणभर नेहमीपेक्षा कितीतरी जास्त प्रवाह शिरतो, त्यातच सगळ्या व्हॉल्व्हचे हीटर थंड असतात आणि थंड टंगस्टनचा रोध तापलेल्या टंगस्टनच्या मानाने काही पटींनी कमी असतो. त्यामुळे ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्या दणक्याने थरथरतात आणि काही सेकंदांत शांत होतात. या वेळी स्पीकरमधून काहीच ऐकू येत नव्हते, आणि येण्याची शक्यताही नव्हती, कारण ईझेड८१ स्वतः तापल्याशिवाय एचटी (व्हॉल्व्हला लागणारे उच्च व्होल्टेज) चढत नाही आणि उरलेले व्हॉल्व्हही तोवर प्रवाह सोडत नाहीत. थंड व्हॉल्व्ह असताना स्पीकरमध्ये घरघर आली असती, तर मेन्स ट्रान्सफॉर्मरचे चुंबकीय क्षेत्र आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये शिरत असल्याचा संशय घ्यावा लागला असता. तसे काही नव्हते. हा आवाज तपासातून वगळला.

टिकटिकीचा स्वभाव वेगळा होता. ती साधारण विसाव्या सेकंदापासून सुरू होई, विरळ होत जाई आणि यंत्र बंद केल्यावर पुन्हा ऐकू येई. हा व्हॉल्व्हच्या आतल्या सांगाड्याचा आवाज असतो. कॅथोडची (इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या भागाची) निकेलची नळी सातशे-आठशे अंश सेल्सिअसपर्यंत तापते, ग्रिडचे (प्रवाहावर ताबा ठेवणाऱ्या जाळीचे) खांब आणि इलेक्ट्रॉन गोळा करणाऱ्या अ‍ॅनोडचा पत्रा वेगवेगळ्या गतीने प्रसरण पावतात, आणि या सगळ्यांना जागेवर धरणाऱ्या अभ्रकाच्या चकत्या मात्र फारशा हलत नाहीत; त्यामुळे धातू अभ्रकाच्या भोकांत किंचित घसरतो आणि प्रत्येक घसरणीला ‘टिक्’ होते. हा दोष नाही. मात्र एक बाब नोंदवण्यासारखी होती: डाव्या बाजूला हीच टिकटिक अगदी मंद स्वरूपात स्पीकरमधूनही येत होती. दोन्ही बाजूंचे ईएफ८६ अदलाबदल केल्यावर ती उजव्या स्पीकरमध्ये गेली. म्हणजे तो एक व्हॉल्व्ह मायक्रोफोनिक (आतल्या कंपनांचा विद्युत संकेत करणारा) झाला होता आणि स्वतःची टिकटिक स्वतःच वाढवून पुढे देत होता. ईएफ८६ हा मायक्रोफोन आणि टेपरेकॉर्डर यांच्या पहिल्या टप्प्यासाठी बनवलेला, फार कमी आवाजाचा व्हॉल्व्ह आहे. त्याच्या ग्रिडवर मोजलेला स्वतःचा आवाज संपूर्ण श्राव्य पट्ट्यात दोन मायक्रोव्होल्टच्या आसपास असतो. परंतु याच जागेवरून पुढे सर्वांत जास्त वर्धन होत असल्याने त्याची रचना किंचित सैल झाली तरी ते कानाला कळते. काकांच्या पेटीत आणखी काही ईएफ८६ होते. पेन्सिलीच्या खोडरबराने हलके टोचून त्यांतला सर्वांत निमूट निवडला आणि तो प्रश्न मिटला.

खरखर मात्र व्हॉल्व्हबरोबर हलली नाही. ईएफ८६, ईसीसी८३ आणि ईएल८४ असे सगळे व्हॉल्व्ह दोन बाजूंत आलटून-पालटून पाहिले, तरी ती डाव्या बाजूलाच राहिली. व्हॉल्यूम कंट्रोल पूर्ण खाली आणला तरी तिच्यात फरक पडला नाही. म्हणजे रेकॉर्ड प्लेअर, त्याची तार आणि खुद्द कंट्रोल हे सारे निर्दोष ठरले.

खरखर कोणत्या जातीची?

सगळे रेझिस्टर बदलण्याच्या सल्ल्याची शहानिशा इथे आवश्यक होती, कारण तो सल्ला सर्रास दिला जातो. प्रत्येक रेझिस्टरला उष्णतेमुळे एक मूळचा ‘सूं’ असा आवाज असतो हे खरे आहे. १०० किलोओहमच्या रेझिस्टरमध्ये खोलीच्या तापमानाला वीस किलोहर्ट्झच्या पट्ट्यात तो साडेपाच-सहा मायक्रोव्होल्ट भरतो. परंतु हा आवाज निरपेक्ष तापमानाच्या वर्गमुळाने वाढतो. रेझिस्टर ३०० केल्व्हिनवरून ३३० केल्व्हिनवर गेला तर वाढ जेमतेम पाच टक्के होते, आणि ती कोणाच्याही कानाला कळणार नाही. कार्बन कॉम्पोझिशन रेझिस्टरमध्ये प्रवाहामुळे होणारा जादा आवाज असतो आणि तो रेझिस्टरवर पडणाऱ्या व्होल्टेजच्या प्रमाणात वाढतो. पण तोही यंत्र तापले म्हणून नाहीसा होत नाही. दोन टप्पे जोडणाऱ्या कपलिंग कंडेन्सरची गळती तर उष्णतेने वाढत जाते, म्हणजे तिचा दोष उत्तरोत्तर बळावला असता. इथे उलट घडत होते. आवाज मधेच सुरू होत होता आणि मधेच संपत होता. अशा वागणुकीचा अर्थ जवळजवळ नेहमी एकच असतो: कुठेतरी धातूला धातू नीट चिकटलेला नाही.

ओलाव्याची शक्यता उरली होती. जुन्या यंत्रांतल्या बेकलाइटच्या पट्ट्या पावसाळ्यात दमट होतात आणि तापून सुकेपर्यंत कुरकुरतात. या मुद्द्याचा निकाल काकांच्या कानांनी लावला. मे महिन्यात खरखर लवकर आटोपते, जानेवारीत सर्वांत लांबते आणि आषाढ-श्रावणात दोन्हींच्या मधे कुठेतरी असते, असे त्यांनी विचारण्याआधीच सांगितले होते. माळव्यात मे महिन्याची दुपार चाळीस अंशांच्या वर जाते आणि जानेवारीची पहाट दहा अंशांच्या खालीही उतरते. दोष ओलाव्याचा असता तर पावसाळ्यात तो सर्वांत जास्त दिसायला हवा होता आणि हिवाळ्यातल्या कोरड्या हवेत त्याहून कमी. महिनोन्‌महिने एकच यंत्र ऐकणाऱ्या माणसाची अशी नोंद कोणत्याही मीटरपेक्षा मोलाची असते, आणि ती विचारून घेतल्याशिवाय पाना हातात घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

टप्पा शोधणे

या सर्किटमध्ये आउटपुटपासून ईएफ८६च्या कॅथोडपर्यंत वीस डेसिबलहून अधिक निगेटिव्ह फीडबॅक (आउटपुटचा थोडा भाग उलट करून मागे देणे) आहे. त्यामुळे खरखर कुठेही निर्माण झाली तरी फीडबॅकच्या वाटेने ती सर्व टप्प्यांवर पोहोचते, आणि ऑसिलोस्कोप कुठेही लावला तरी ती दिसते. ज्याला हे ठाऊक नाही, तो पहिल्या टप्प्यावर खरखर पाहून पहिलाच टप्पा उकलत बसतो.

यासाठी फीडबॅकचे वर्तुळ तोडणे भाग होते. ईएफ८६ उपटून काढणे हा सोपा वाटणारा मार्ग इथे योग्य नाही, कारण त्याचा अ‍ॅनोड ईसीसी८३च्या ग्रिडला मधे कंडेन्सर न घालता थेट जोडलेला आहे. तो काढला तर ते ग्रिड एचटीकडे ओढले जाते. म्हणून यंत्र बंद असताना, ६३० व्होल्टचा एक कंडेन्सर ईसीसी८३च्या त्या ग्रिडपासून अर्थिंगपर्यंत जोडला आणि मग यंत्र पूर्ण थंड अवस्थेतून सुरू केले. आता ईएफ८६कडून येणारे काहीही पुढे जाऊ शकत नव्हते. ठरल्या वेळी खरखर आली, आणि आधीपेक्षा मोठी आली. हा निकाल अतिशय बोलका होता: ती पहिल्या टप्प्यात असती तर दबली असती, ती मोठी झाली याचा अर्थ, ती त्यापुढे कुठेतरी होती आणि आतापर्यंत फीडबॅक तिला दाबून ठेवत होता.

मग ईसीसी८३ काढून यंत्र सुरू केले. ईएल८४ कंडेन्सरने जोडलेले असल्याने त्यांच्या कामात बाधा येत नाही. खरखर आली नाही. व्हॉल्व्ह आधीच निर्दोष ठरला होता. त्यामुळे संशय त्याचे सॉकेट आणि त्यावर जोडलेले रेझिस्टर यांच्यापुरता उरला.

या तपासाची खरी अडचण उपकरणांची नसून वेळेची होती. एकदा यंत्र तापले की खरखर संपते, आणि पुन्हा ऐकायची तर चॅसी, ट्रान्सफॉर्मर आणि सॉकेट सारे पुरते थंड व्हावे लागते, ज्याला कित्येक तास जातात. त्यामुळे प्रत्येक थंड सुरुवात ही एकच चाचणी मानून, तिच्यात काय विचारायचे ते आधी ठरवावे लागते. दोन बदल एकाच वेळी केले तर ती सकाळ वाया जाते.

सुरक्षेबद्दल इथेच सांगतो. या चॅसीवर तीनशेहून अधिक व्होल्ट असतात आणि बंद केल्यावरही फिल्टर कंडेन्सरमध्ये ते राहू शकतात. दर वेळी हात घालण्यापूर्वी १० किलोओहम, ५ वॅटच्या रेझिस्टरमधून ते उतरवावेत, मीटरवर दहा व्होल्टच्या आत आल्याची खात्री करावी, आणि चालू यंत्रात चाचपायचेच असेल तर कोरडी लाकडी काडी वापरून दुसरा हात लांब ठेवावा. स्पीकर किंवा तेवढ्याच रोधाचा लोड जोडल्याशिवाय यंत्र चालवू नये.

डाग सापडला

ईसीसी८३च्या सर्व पिनांवरचे डीसी व्होल्टेज डाव्या आणि उजव्या बाजूला जवळजवळ सारखे होते, आणि त्यामुळेच आधीच्या तपासात काही सापडले नसावे. हिशेब केला तर कारण उघड होते. या अ‍ॅनोडमधून एक मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह जातो. जोडाचा रोध वीस ओहमने कमी-जास्त होत असला तर तिथे वीस मिलिव्होल्टची हालचाल होते. दोनशे व्होल्टहून अधिक दाखवणाऱ्या मीटरवर वीस मिलिव्होल्ट दिसत नाहीत. ईएल८४च्या ग्रिडवर मात्र ते पुढच्या टप्प्याने वाढवण्याजोगे असतात, आणि शांत खोलीत, चांगल्या कार्यक्षमतेच्या स्पीकरवर, पहाटे साडेपाच वाजता ते कानाला नक्की कळतात.

यंत्र पूर्ण तापून शांत झाल्यावर, केस वाळवण्याच्या ड्रायरच्या तोंडाला कागदाची नळी जोडून, गार हवेचा झोत ईसीसी८३च्या सॉकेटच्या खालच्या बाजूवर सोडला. काही सेकंदांत खरखर परत आली. झोत थांबवल्यावर थोड्या वेळाने पुन्हा गेली. लाकडी काडीने एकेक पिन हलकेच दाबत गेलो, तेव्हा सहाव्या पिनेवर, म्हणजे एका अ‍ॅनोडवर, आवाज चढला. भिंगाखाली पाहिल्यावर त्या पिनेभोवतीच्या कथलाच्या डागात (सोल्डरच्या जोडात) गोल फिरलेली केसाएवढी चीर दिसली. रेझिस्टरची तार पिनेला गुंडाळलेली नव्हती. नुसती टेकवून तिच्यावर डाग ओतला होता, आणि ती तार ताणलेलीही होती.

चार मिनिटांनी येऊन पंधराव्या मिनिटाला जाणे यातून समजते. तांबे दर अंशाला दहा लाखांत सुमारे १७ भागांनी लांबते, तर कथील-शिशाचे मिश्रण २४-२५ भागांनी. शेजारच्या ईएल८४मधून केवळ हीटरचीच ४.८ वॅट उष्णता बाहेर पडते आणि अ‍ॅनोडची त्याहून बरीच अधिक; ती चॅसीच्या पत्र्यातून ईसीसी८३च्या सॉकेटच्या एका अंगाला आधी पोहोचते आणि दुसऱ्या अंगाला उशिरा. यंत्र थंड असताना चीर मिटलेली असते आणि सगळे सारखे तापल्यावरही मिटते. पण मधल्या काळात पिन, डाग आणि तार यांच्या तापमानांत सर्वांत मोठी तफावत असते, आणि त्याच वेळी ती उघडझाप करते. म्हणजे हा दोष उष्णतेचा नसून तफावतीचा होता. तापतानाच्या आवाजांकडे पाहताना मी हाच प्रश्न आधी विचारतो: या मिनिटाला कोणत्या दोन भागांची तापमाने एकमेकांपासून सर्वांत दूर आहेत? जानेवारीत चॅसीला तापायला जास्त वेळ लागत असल्याने तफावत जास्त टिकत होती, आणि मेमध्ये कमी. काकांची नोंद इथे पुरेपूर जुळली.

दुरुस्ती थोडक्यात झाली. जुना डाग काढून पिन घासून साफ केली. महाराणी रोडवर तेवढ्याच रोधाचे २ वॅटचे मेटल फिल्म रेझिस्टर मिळाले. त्यांतून मीटरवर एकमेकांशी जुळणारी जोडी निवडली आणि स्प्लिटरचे दोन्ही अ‍ॅनोड लोड (तिथे जोडलेले रेझिस्टर) बदलले, कारण एकच बदलला असता तर दोन बाजूंचे संतुलन बिघडले असते. तार पिनेला पूर्ण वळसा घालून, तिच्यात किंचित ढिले वळण ठेवून, ६३-३७चे कथील वापरून डाग दिला. हे मिश्रण १८३ अंशांवर एकदम वितळते आणि एकदम थिजते, त्यामुळे थिजताना जोड हलण्याचा धोका कमी असतो.

थंड यंत्र पहाटे सुरू करून, इनपुट शॉर्ट ठेवून, आउटपुटवर मिलिव्होल्टमीटर लावला. काटा दीड मिलिव्होल्टच्या खाली स्थिर राहिला. पूर्वी ज्या मिनिटांत तो उडत असे, त्या मिनिटांतही हलला नाही. मग काकांनी स्वतः ऐकले. मीटरचा आकडा मी निर्णायक मानला नव्हता, त्यांचा कान मानला होता.

उजव्या चॅसीवरचा तोच जोड तपासल्यावर तिथेही तार नुसती टेकवलेली आढळली. चीर पडलेली नव्हती, तरी तो जोड त्याच पद्धतीने पुन्हा केला. कपलिंग कंडेन्सर मात्र बदलले नाहीत. दोन तास चालल्यावर ईएल८४च्या ग्रिडवर डीसी व्होल्टेज मोजले, ते शून्यापासून काही मिलिव्होल्टही दूर नव्हते. म्हणजे गळती नाही. निव्वळ वय झाले म्हणून चांगले कंडेन्सर काढून टाकणे मला योग्य वाटत नाही, कारण प्रत्येक अनावश्यक बदलासोबत एक नवा डाग आणि एक नवी शंका यंत्रात येते. हे ग्रिडचे आकडे, पिनांवरचे व्होल्टेज आणि बदललेल्या भागांची नोंद कागदावर लिहून पेटीच्या झाकणाच्या आतून चिकटवली आहे, म्हणजे पुढे हे यंत्र जो उघडेल त्याला तुलनेसाठी आधार मिळेल. त्याच कागदावर हेही लिहिले आहे की, सुरू आणि बंद करताना व्हॉल्व्हच्या काचेतून येणारी टिकटिक तपासण्याची गरज नाही. ती स्पीकरमधून येऊ लागली तरच ईएफ८६ बदलून पाहावा.